कठल-इ-सफरी : अननसाच्या एका जुन्या नावाची चिकित्सा

अकबराच्या दरबारातील फळफळावळीची नोंद करताना अबुल फजलने 'आईने-अकबरी'त अननसाचे आणखी एक नाव दिले आहे : कठल-इ-सफरी, म्हणजे प्रवासी फणस. या नावाचे कारणही त्याने तेथेच सांगितले आहे. अननसाची कोवळी रोपे भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येतात व त्या स्थितीतही ती फळ देतात, म्हणून हे नाव पडले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ही नोंद. तिच्याकडे भाषाविदांचे लक्ष गेले, परंतु ते तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी नव्हे.

१८८६ साली यूल व बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश छापून निघाला. त्यात अननस या शब्दाची चर्चा करताना कोशकारांनी अबुल फजलचे स्पष्टीकरण ही एक निरर्थक सबब ठरविली. बंगालकडे पेरूला 'सफरी आम' असे म्हणत. पेरूही अननसाप्रमाणेच अमेरिकेतून आलेला. तेव्हा दोन्ही ठिकाणी 'सफरी' या विशेषणाचा अर्थ 'प्रवासाचा' असा नसून 'परदेशी' किंवा 'परका' असा असावा, असा त्यांचा तर्क. तर्क सुटसुटीत आहे, आणि कोशाच्या अधिकारामुळे तो सहज पटून जातो.

तो कितपत ग्राह्य आहे हे पाहिले पाहिजे. प्रश्न केवळ एका विशेषणाचा नाही. घरात किंवा ओसरीवर कुंडीत शोभेसाठी वाढविल्या जाणाऱ्या ज्या वनस्पती आज रोपवाटिकांतून 'ब्रोमेलियाड' या नावाने विकल्या जातात, त्यांचे कूळ आणि अननसाचे कूळ एकच. मराठी परिभाषेत त्याला अननस-कुल असेच म्हणतात. अबुल फजलचे म्हणणे खरे असेल, तर या कुळातील वनस्पती चारशे वर्षांपूर्वी भारतात कुंडीत वाढत होती याची ती स्पष्ट साक्ष ठरते. कोशकारांचे म्हणणे खरे मानले, तर ती साक्ष पुसून टाकावी लागते आणि मागे उरते ते एका चतुर चिटणिसाने मागाहून रचलेले व्युत्पत्तीचे कथानक.

प्रथम शब्दाकडे वळू. माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे यादव राजा रामचंद्र याच्या काळातील मराठी शिलालेख आहेत. त्या मराठीत अननस हा शब्द असणे शक्यच नव्हते. आणि अननसच काय, मिरची, बटाटा, पेरू, पपई, काजू, तंबाखू, भुईमूग यांपैकी काहीही नव्हते. ही सारी झाडे अटलांटिकपलीकडची. कोलंबसाच्या लोकांनी अननस प्रथम पाहिला तो १४९३ साली, ग्वादलूप बेटावर. पोर्तुगीज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले १५०० साली व गोवा त्यांच्या हाती आला १५१० साली. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे बारकाईने वर्णन केले आहे. फणसाला तर त्याने मेंढीच्या भरलेल्या कोथळ्याची उपमा दिली आहे. परंतु त्या वर्णनात अननस नाही. बाबर वारला १५३० साली. म्हणजे त्यानंतरच्या साठएक वर्षांत हे फळ गोव्याच्या किनाऱ्यावरून आग्र्यापर्यंत पोहोचले.

नव्या झाडाला नाव देण्याचे मराठीचे दोन मार्ग दिसतात. एक, झाडाबरोबर आलेला शब्दच घ्यावयाचा : बटाटा, काजू, तंबाखू हे त्या वाटेने आले. दुसरा, घरच्या शब्दाला मुरड घालून काम भागवावयाचे : मिरीवरून मिरची, मुगावरून भुईमूग, आणि सीताफळ तर असे बेमालूम की ते परके आहे हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानातही येत नाही. अननस पहिल्या वाटेने आला. मूळ शब्द ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेतील 'नाना'. पोर्तुगीजांनी त्याचा 'अनानाश' केला. लिन्सखोतेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात, गोव्याच्या परिसरातील ज्या लोकांना पोर्तुगीज 'कानारीं' म्हणत ते या फळाला 'अननसा' म्हणतात, अशी नोंद आहे. कोकणपट्टीतील उच्चाराची इतकी जुनी नोंद मिळणे हे भाग्यच होय.

या शब्दाच्या मराठी रूपात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोर्तुगीज शब्दात आघात शेवटच्या अवयवावर असून तेथील स्वर मोकळा आहे. हिंदीने तो दीर्घ ठेवला आणि 'अनन्नास' असे रूप केले. मराठीत मात्र तो ऱ्हस्व झाला. याचे कारण फणस असावा असे वाटते. अननस, फणस, कोकणीत अनस, पणस. काटेरी सालीचे, डोळ्याडोळ्यांचे, गोड वासाचे एक फळ कोकणात आधीपासून होतेच; नव्या फळाचे नाव जुन्या फळाच्या नावाशी यमक जुळवून बसले. बंगालीत याच शब्दाचे 'आनारस' झाले, कारण तेथे बोलणाऱ्याच्या कानाला त्यात 'रस' ऐकू आला. शब्द परका असला तरी कान घरचाच असतो. अलीकडे शहरी मराठीत शिऱ्याला आणि केकला 'पायनॅपल' लागू लागले आहे. हा इंग्रजी शब्द मुळात पाइन वृक्षाच्या खवलेदार बोंडाचा. तोही साम्यावरूनच फळाला मिळाला. स्पॅनिश 'पिन्या' या नावामागेही तेच बोंड आहे.

फणसाशी तुलना केवळ मराठीनेच केली असे नाही. मल्याळममध्ये अननसाला 'कैतच्चक्क' म्हणतात : कैत म्हणजे केतकी, चक्क म्हणजे फणस. पाने केतकीसारखी व फळ फणसासारखे, इतके नेमके वर्णन दोन शब्दांत करणे एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही साधले नसते. आणि ही तुलना वरवरची नाही. फणस व अननस ही दोन्ही संयुक्त फळे आहेत. एका फुलाचे एक फळ न होता, संपूर्ण फुलोऱ्यातील फुले एकजीव होऊन ते एक फळ बनते. सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक फूल. कुळे अगदी निराळी, पण रचनेचे तत्त्व एक. तेव्हा दरबारी फारसीत अननसाला 'कठल' म्हटले गेले यात नवल नाही. वाद आहे तो 'सफरी'चा.

फळांच्या नावातील 'सफर' हा शब्द फसवा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मराठी 'सफरचंद' हे उत्तम उदाहरण. त्यात सफर आहे, चंद्रही आहे, आणि प्रत्यक्षात दोन्ही नाहीत. अरबीत बिही नावाच्या फळाला 'सफरजल' म्हणतात; त्याचे गुजरातीत 'सफरजन' झाले व मराठीत 'सफरचंद'. प्रवासाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. कठल-इ-सफरीची गोष्ट तशी नाही. तेथे 'सफरी' हे विशेषण फारसी षष्ठीच्या रचनेत स्वच्छपणे बसले आहे आणि लिहिणारा फारसी उत्तम जाणणारा आहे. त्याचा मूळ अर्थ 'प्रवासाचा, प्रवासात उपयोगी' हाच. 'परदेशी' हा अर्थ त्यावरून निघू शकतो, नाही असे नाही. पण तो मुद्दाम काढावा लागतो. शिवाय परदेशीपणा दाखवावयाचाच होता, तर त्यासाठी 'फिरंगी' हा शब्द हाताशी होता. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अननस फिरंग्यांच्या बंदरांतून येतो असे सरळ म्हटले आहे. पुढे मराठीनेही परक्या झाडांना 'विलायती' म्हटले, जसे विलायती चिंच. 'सफरी' कोणाला म्हटले नाही.

कोशकारांच्या बाजूनेही काही आहे, ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. पेरूचे 'सफरी आम' हे नाव खरे आहे, आणि पेरूचे झाड कुंडीत घालून कोणी प्रवासाला नेत नाही. ओडियात अननसाला 'सपुरी' म्हणतात. फारसी 'फ'चा 'प' होऊन 'सफरी'पासूनच हे रूप आले असावे. 'कठल' गळून नुसते विशेषणच नाव म्हणून उरले, याचा अर्थ त्या विशेषणाला बोलणाऱ्यांच्या लेखी स्वतंत्र वजन होते. परंतु कालक्रम पाहावा. कठल-इ-सफरी हे नाव सोळाव्या शतकात लिहून ठेवलेले आहे. 'सफरी आम' यूल-बर्नेल देतात तो आपल्या काळातील, एकोणिसाव्या शतकातील प्रचार म्हणून. अननसाला 'सफरी' हे नाव एका कारणाने पडले, मग तसल्याच दुसऱ्या नव्या फळाला ते केवळ सादृश्याने लागले, हा क्रम भाषेत नित्याचा आहे. मागाहूनच्या अर्थावरून आधीचा अर्थ खोटा ठरविणे ही उलटी पद्धत झाली.

तथापि शब्दावरून एवढेच सांगता येते की, अबुल फजलचे म्हणणे अशक्य नाही. ते खरे असण्याचा संभव किती, हे झाडालाच विचारले पाहिजे. यूल व बर्नेल यांनी हे केले नाही.

अननसाचे रोप हे प्रवासासाठी घडविल्यासारखे आहे. बहुतेक झाडांच्या पानांची रंध्रे दिवसा उघडी असतात व त्यांतून पाणी उडून जाते. अननस आपली रंध्रे रात्री उघडतो, हवेतील कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवितो, आणि दिवसा ती मिटून घेऊन त्या साठ्यावर अन्न तयार करतो. त्यामुळे त्याला पाणी फार थोडे लागते. पाने पन्हळीसारखी असून एकमेकांना बुडाशी घट्ट बिलगलेली असतात. दव किंवा पावसाचे चार थेंब पडले तरी ते ओघळून मध्याकडे येतात. फळावरचा शेंडा तोडून ठेवला तर तो कित्येक दिवस मातीवाचून टिकतो, आणि नंतर लावला तर मूळ धरतो. बुंध्याशी येणारे फुटवेही तसेच. ब्राझीलहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्यापर्यंतचा महिनोन्‌महिन्यांचा जलप्रवास हे झाड करू शकले ते याच गुणामुळे. आंब्याचे किंवा नारिंगाचे कलम त्या काळी तसे नेणे जवळजवळ अशक्य होते. फुटव्यापासून फळ येण्यास सुमारे दीड वर्ष लागते, शेंड्यापासून दोन वर्षे. आणि झाड कमरेच्या वर जात नसल्यामुळे ते मध्यम आकाराच्या कुंडीतही फळते. फळ लहान येते, इतकेच.

हे ध्यानात घेतले म्हणजे अबुल फजलचे वाक्य सबब राहत नाही. वर्षातील मोठा काळ छावणीत घालविणाऱ्या दरबाराबरोबर उंटांवर व गाड्यांवर कुंड्या नेल्या जाणे, हे त्या दरबाराच्या इतर लवाजम्याच्या मानाने काहीच नव्हते. आणि फळ मोलाचे होते. 'आईने-अकबरी'तील भावात एक अननस चार दामांना आहे, तर आंबे शंभराला चाळीस दामांपर्यंत. म्हणजे एका अननसाला दहा आंब्यांची किंमत पडत होती. इतक्या किमतीच्या फळाची कुंडी कोणी मागे ठेवून जाणार नाही.

आता कुंडीच का, जमिनीत का नाही, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कोकणात बसून मिळणार नाही. तेथे अननस नारळी-पोफळीच्या सावलीत सहज वाढतो. ते देशावर येऊन पाहिले पाहिजे. माळशिरसचा प्रदेश पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा व लहरी, चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे, वारा कोरडा. १९२८ साली भाटघरचे धरण पूर्ण झाले, नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागात खेळले, आणि सासवडच्या माळी मंडळींनी येथे येऊन ऊस पिकविला व १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा करण्यास हात घातला. बागाईत जाणणारे लोक आले, पाणी आले. तरीही अननस येथले पीक झाले नाही. यात आश्चर्य नाही. पाणी कालव्याने आणता येते, जमीन बदलता येत नाही. अननसाला निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन लागते. येथील काळी जमीन चुनखडीयुक्त व अल्कधर्मी. पाणी धरून ठेवणारी. अशा जमिनीत मुळे कुजतात, लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात. हीच गोष्ट आग्र्याची अधिक तीव्रतेने. तेथे उन्हाळ्यात लू वाहते, आणि माळशिरसला ठाऊक नसलेली कडाक्याची थंडीही पौषात पडते.

कुंडीत हे सारे अडथळे एकदम दूर होतात. माती आपल्याला हवी ती करून घेता येते : भरड वाळू, कुजलेला पालापाचोळा, कोळशाचे तुकडे, नारळाच्या सोडणाचा चुरा. उन्हाच्या झळीच्या वेळी कुंडी उचलून पडवीत आणता येते, थंडीत आडोशाला ठेवता येते. जहांगीराने लिहिले आहे की, आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारो अननस होत. ते सर्व कुंड्यांतच होत असतील असे मानण्याचे कारण नाही. बागेत ओलावा व सावली निर्माण करण्याची कला मोगलांना अवगत होती. परंतु त्या हवेत अननसाचा पहिला शिरकाव झाला असेल तो हलविता येणाऱ्या भांड्यातून, हा तर्क सरळ आहे, आणि अबुल फजलची नोंद नेमकी तेच सांगते. कठल-इ-सफरी या नावामागे परकेपणाचा काही ध्वनी असेलही. कुंडीची हकीकत मात्र रचलेली नाही.

युरोपची कथा याला समांतर आहे व ती भारतानंतरची आहे, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. जहांगीर आग्र्यात हजारोंनी अननस मोजत होता तेव्हा युरोपातील बागांना एकही पिकविता आला नव्हता. हॉलंडमध्ये आग्नेता ब्लॉक या बाईंनी १६८७ साली तो फळविला. पुढे काचेच्या उबदार घरांत कुंड्या ठेवून तो वाढविण्याचा श्रीमंतांना छंदच जडला. या काचघरांतूनच अननसाचे निष्फळ पण देखणे भाऊबंद पुढे आले. अननसासाठी जी ऊब, जी कुंडी व जी माळ्याची नजर तयार झाली, तिच्यात गुझमानिया, एकमिया, व्हिएसिया यांना आयती जागा मिळाली, आणि फळाची कुंडी शोभेची कुंडी बनली.

या कुळाच्या नावांची तऱ्हाही विलक्षण आहे. 'ब्रोमेलिया' हे नाव प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञाने ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याच्या स्मरणार्थ दिले. त्या गृहस्थाने हे झाड अमेरिकेत जाऊन पाहिलेले नव्हते. १७५३ साली लिनियसने अननसाला याच प्रजातीत घातले. पुढे तुपींचा 'अनानास' हा शब्दच शास्त्रीय नाव म्हणून परत आला. 'टिलँडसिया' या नावाची कथा आणखी गमतीची. टिलँड्स नावाच्या वैद्याला एकदा समुद्र इतका बाधला की परतताना तो आखाताला वळसा घालून पायीच घरी गेला, आणि त्यावरून 'जमिनीवरून' या अर्थाचे हे आडनाव त्याने घेतले, असे सांगतात. मातीवाचून, जवळजवळ पाण्यावाचून, झाडाच्या फांदीवर जगणाऱ्या वनस्पतीला लिनियसने त्याचे नाव दिले. एकूण तीन हजारांहून अधिक जाती असलेले हे कूळ सारेच्या सारे अमेरिकेतले. अपवाद एका जातीचा, आणि ती पश्चिम आफ्रिकेतील गिनीत सापडते.

मराठीत या शोभेच्या भावंडांना अद्याप नावे पडलेली नाहीत. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ती लॅटिन प्रजातिनामांनीच विकली जातात, ती उच्चारता येतील तशी उच्चारून. सोळाव्या शतकात कोकणातल्या माणसाने न विचारता, न कोश पाहता अननसाला फणसाच्या शेजारी नेऊन बसविले. विसाव्या शतकात तसे काही घडले नाही. याचे एक कारण असे दिसते की, ही झाडे बाजारात चिठ्ठी लावून आली. ज्या झाडाला नाव लिहूनच मिळते त्याला दुसरे नाव ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही. दुसरे कारण, ती खाण्याची नाहीत. जे तोंडात जाते त्याला भाषा लवकर जवळ करते.

संगोपनाच्या रीतीत मात्र जुने नाते टिकून आहे. गुझमानिया किंवा एकमिया यांच्या पानांचा मध्यभागी जो पेला होतो त्यातच पाणी ठेवावयाचे असते, मुळाशी बेताचे. मुळांचे काम मुख्यतः धरून ठेवण्याचे. माळशिरसकडील विहिरींचे वा कालव्याचे पाणी जड असल्यास पानांवर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून साठविलेले पावसाचे पाणी बरे. पेल्यातील पाणी आठवड्याला ओतून बदलावे, नाहीतर त्यात डासांची अळी होते. प्रत्येक झाड एकदाच फुलते आणि बुंध्याशी पिले सोडून वाळून जाते. हा धर्म अननसाचाही आहे. फुलोरा लांबत असेल तर कुंडीवर पिशवी बांधून आत चार दिवस पिकलेले केळे किंवा सफरचंद ठेवतात. पिकत्या फळातून निघणारा वायू झाडाला फुलण्यास प्रवृत्त करतो. आणि ज्याला लॅटिन नावांच्या वाटेला जावयाचे नाही, त्याने बाजारातल्या अननसाचा शेंडा पिळून काढावा, खालची पाने सोलून दोन दिवस सावलीत सुकू द्यावा, आणि पूर्वेच्या पडवीत कुंडीत लावावा. निगा नीट राहिली तर दोनएक वर्षांनी त्यावर मुठीएवढा कठल-इ-सफरी धरतो.